खोटा बैल

माझ्याकडे एक फोमचा माणूस आहे. उंचीने तुमच्या-माझ्याएवढा, डोकं चुंबकाने बसवलेलं, पाय गुडघ्यात हलणारे. त्याच्या अंगात धातूचे बारीक धागे विणलेत, त्यामुळे गाडीच्या रडारला तो हाडामांसाचाच वाटतो. गाड्यांच्या समोर उभं राहणं एवढंच त्याचं काम. पुण्याहून खास गाडी करून त्याला आणावं लागलं, त्याला ऊन-वारा लागू द्यायचा नसतो, आणि स्वतःहून तो तसूभर हलत नाही, म्हणून दहिवडीची पोरं त्याला जावई म्हणतात. मीही आता तेच म्हणते.

जावयाची गरज पडली ती नव्या कायद्यामुळे. माल किंवा जनावरं वाहणाऱ्या प्रत्येक गाडीचा आपोआप लागणारा ब्रेक वर्षातून एकदा तपासून घ्यावाच लागतो. दहिवडीत हे काम करणारं केंद्र माझं. पहिल्या वर्षी लोक यायचे आणि मालक कुठंय म्हणून विचारायचे. मी म्हणायचे, समोर उभा आहे. मग ते जावयाकडे बघायचे.

गाडी स्वतःहून कशी थांबते ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. पिकअपच्या नाकात रडार असतं आणि पुढच्या काचेमागे कॅमेरा. समोरची वस्तू किती लांब आहे आणि अंतर किती झपाट्याने कमी होतंय ते रडार सांगतं, ती वस्तू माणूस आहे की झुडूप ते कॅमेरा सांगतो. दोघांचं एकमत झालं आणि ड्रायव्हरचा पाय तरीही हलला नाही, तर गाडी अगदी शेवटच्या घटकेला स्वतः ब्रेक मारते. तो ब्रेक असा असतो की डॅशबोर्डवरचा गणपती मांडीवर येतो.

पण मागे ट्रेलर जोडलेला असेल तर असा ब्रेक मारून चालत नाही. पुढची गाडी जागेवर थांबते, मागचा ट्रेलर थांबत नाही, तो ढकलत आडवा येतो आणि दोघं मिळून उलटतात. म्हणून आपल्यामागे ट्रेलर आहे की नाही, हे गाडीला कळावं लागतं. मागच्या बंपरखाली ट्रेलरच्या दिव्यांची वायर खोचायचं सॉकेट असतं. त्यातून गाडी हलकासा प्रवाह सोडून बघते. पलीकडे दिवे आहेत असं जाणवलं की ती समजते, ट्रेलर आला, आणि आपला ब्रेक निम्म्यावर आणते. उरलेला निम्मा ड्रायव्हरने पायाने द्यायचा. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात हे लिहिलेलं असतं, आणि ते पुस्तक आमच्याकडे कुणी प्लास्टिकमधून काढत नाही.

आता आमच्या माण-खटावातली गंमत. इथे शर्यतीचे बैल पिकअपच्या हौद्यात उभे करून नेतात. हौद्यात कोण उभं आहे याची गाडीला फिकीर नसते. समोर कुत्रं आलं, गाडीने कचकन ब्रेक मारला, की बैल पुढच्या गुडघ्यांवर आपटतो आणि त्याचं पळणं कायमचं संपतं. दोन-तीन बैल असे गेल्यावर कुणीतरी तोड काढली. काडेपेटीएवढी डबी, आत ट्रेलरच्या दिव्यांचा भास करून देणारा तुकडा. सॉकेटमध्ये खोचली की गाडीला वाटतं मागे ट्रेलर आहे, आणि ती हलक्या हाताने ब्रेक लावते. या डबीला सगळे खोटा बैल म्हणतात. बैल उतरवला की डबी काढून खिशात टाकायची, असं ठरलेलं होतं.

नंदूशेठ खाडे ती काढत नसे. त्याने डबी बसवली त्याच दिवशी त्याचा बैल पाखऱ्या पहिल्यांदा शर्यत जिंकून गुलालात आला. झालं. तेव्हापासून डबीला काळा दोरा बांधला आणि दर मंगळवारी हळदकुंकू सुरू झालं. ती काढणं म्हणजे बैलाचं नशीब काढणं. त्याची रिकामी गाडीसुद्धा मागे ट्रेलर आहे अशा समजुतीने गावभर फिरत होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, कारण कायदा असूनही तपासणीला न येणाऱ्यांतला तो एक.

माझा भाऊ सुहास त्या गाडीखाली गेला.

तो मळ्यातून दुचाकीवर डांबरीला लागत होता. नंदूशेठची पिकअप सरळ रस्त्याने येत होती, हौदा रिकामा. गाडीने सुहासला पाहिलं, ब्रेकही लावला. नंदूशेठचा पाय मात्र हलला नाही. मोबाईलवर तो पाखऱ्याच्या कालच्या फेरीचा व्हिडिओ बघत होता, असं चहाच्या टपरीवरचे लोक सांगतात, पोलिसांना मात्र कुणी सांगितलं नाही. तपासात निघालं एवढंच, की यंत्रणा चालू होती, संकट ओळखलं गेलं, ब्रेक लागला. म्हणजे गाडी निर्दोष आणि गाडीवाला निर्दोष. राहिला सुहास. मग लोक म्हणायला लागले, पोरगं सुसाटच असायचं.

सुहास सुसाट नव्हता. तो इतका सावकाश गाडी चालवायचा की मी त्याला म्हातारबा म्हणायचे.

मी ती जागा पाहिली होती. रिकामी पिकअप, कोरडा रस्ता, पूर्ण ब्रेक, तर ती सुहासच्या अलीकडे थांबायलाच हवी होती. रोज माझ्यासमोर थांबतात. गावच्या बैठकीत मी उभी राहिले आणि सगळ्यांदेखत विचारलं, की नंदूशेठ, मागे खोटा बैल होता का? तो देवळात गेला, खंडोबापुढचा मूठभर भंडारा घेऊन आला, हात वर केला आणि म्हणाला, "मागं कायबी जोडलेलं नव्हतं. खोटं बोलत आसंन तर देव बघून घील."

आमच्याकडे भंडारा उचलला की विषय संपतो. त्यानंतर जो संशय घेतो तोच पापी. माझी आई भर बैठकीत उठली, नंदूशेठपुढे हात जोडले आणि माझ्या बोलण्याची माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने मान हलवली. ती मान अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

आई घरी येऊन म्हणाली, "त्याचंच चुकलं आसंल." पुन्हा तिने सुहासचं नाव काढलं नाही. बाकीच्या बाया आपल्या गेलेल्या पोरांच्या आठवणी सांगून रडतात, माझ्या आईला तेवढंही करता येईना. आपल्या पोराने कुणा भल्या माणसाला नसत्या संकटात टाकलं, याची तिला लाज वाटत होती. पोरगा मेला आणि वर लाज मागे ठेवून गेला. मला राग आला होता तो याचा. खूप आला होता आणि तो मी जाऊ दिला नाही.

पुढे जत्रेत नंदूशेठची गाडी देवळामागे उभी होती. माझी चप्पल तुटली म्हणून मी खाली वाकले, तर बंपरखाली डबी दिसली. काळा दोरा, आणि कुंकवाचे थरावर थर, खालचे वाळून काळे पडलेले, वरचं ताजं. वर्षानुवर्षांचं कुंकू होतं ते. म्हणजे भाऊ मेला त्या दिवशी डबी तिथेच होती. पोलीस यायच्या आत त्याने काढली असेल आणि गाडी सुटल्यावर पहिलं काम म्हणून परत बसवली असेल. माझ्या भावाचा जीव घेतलेली वस्तू या माणसाने पुजेला लावली होती.

मी आरडाओरडा केला नाही. केला असता तर तो म्हणाला असता, ही परवाच बसवली, किंवा म्हणाला असता, या बाईनेच आणून खोचली. आणि लोकांनी मान डोलावली असती, कारण त्याने भंडारा उचलला होता. मला त्याला तुरुंगात घालायचं नव्हतं आणि मारायचंही नव्हतं. मेलेला माणूस सुटतो. मला तो जिवंत हवा होता, उघडा पडलेला, आईच्या डोळ्यांदेखत. मी चप्पल हातात घेतली आणि घरी आले.

संधी यायला शर्यतींचा मोसम उजाडावा लागला. शर्यत कमिटीने ठरवलं, की ज्या गाडीला दाखला नाही त्या गाडीतला बैल मैदानात उतरणार नाही, आणि दाखले मैदानावरच द्यायला मला बोलावलं. मी लगेच हो म्हटलं. त्या दिवशी सकाळी मी जावयाचे नेहमीचे कपडे काढले आणि त्याला सुहासचा निळा चौकडीचा शर्ट घातला. आईला म्हटलं, चल, मैदानाशेजारीच खंडोबा आहे, दर्शन होईल. तिला मी मांडवात पहिल्या रांगेत खुर्ची दिली.

पाखऱ्या नंदूशेठने आदल्या दिवशीच आणून सावलीला बांधला होता. गाड्या रांगेने यायला लागल्या. तपासणीचा पहिला भाग सॉकेट बघण्याचा. दोघा-तिघांच्या डब्या मी ओढून काढल्या, त्यांना चार शब्द सुनावले, लोक हसले. मग फेरी. गाडी मी चालवायची, समोर जावई उभा, माझा पाय ब्रेकपासून लांब. गाड्या जावयापुढे हातभर अंतरावर येऊन कचकन थांबत होत्या. दगडूतात्या म्हणून एक जुना बैलवाला आहे, मोठा हौशी. त्याची गाडी पास झाल्यावर तो स्वतःच जावयाच्या पुढे जाऊन उभा राहिला, कमरेवर हात ठेवून, आणि मला म्हणाला, आता आण. मी ओरडले, पण गर्दीने ऐकलं नाही. शेवटी आणली. गाडी थांबली, तात्याने बॉनेटवर थाप मारली. मग आणखी दोघं तसेच उभे राहिले. बैलवाल्यांना उन्मत्त जनावरापुढे उभं राहायची सवयच असते, त्यांना यात काही विशेष वाटेना.

नंदूशेठ आला. डोक्याला फेटा, कपाळभर भंडारा. शर्यतीच्या दिवशी डबी काढणं त्याच्याच्याने होणार नाही, हे मला माहीत होतं. त्याच्या गाडीचं सॉकेट मी पहिल्यांदा बघितलंच नाही. बाई विसरली, असं त्याला वाटलं असणार, कारण तो लगबगीने खाली उतरला आणि चावी माझ्या हातात दिली.

मी गाडी सोडली. रडारने जावयाला पाहिलं, ब्रेक लागला, पण तो हळुवार ब्रेक होता, हौद्यात कुणीतरी नाजूक उभं असावं तसा. गाडी सरकत गेली आणि जावयाला धडकली. त्याचं डोकं उडून बाजूला पडलं, निळा शर्ट चाकापुढे गेला. लोक हसले. मांडवात आई उभी राहिली होती. शर्ट तिने ओळखला होता.

नंदूशेठ हसत पुढे आला. "फोमचं भावलं हाय ते जयाताई, गाडीला काय समजतंय? खरा माणूस आसता तर जाग्याव थांबली आसती."

असं काहीतरी तो बोलणार, याची मी वर्षभर वाट बघितली होती.

"सुहास खरा माणूस होता," मी म्हटलं.

हसणं थांबलं. नंदूशेठ म्हणाला, ते पोरगं एकदम आडवं आलं होतं. मी म्हटलं, आज कुणी एकदम येणार नाही, तुम्ही आधीपासून उभे राहा. गाडी रिकामी आहे, मागे काही जोडलेलं नाही, तुम्ही तर भंडारा उचललेला माणूस. तात्या उभा राहिला, बाकीचे राहिले, तुम्हाला कसली भीती?

"राहा की शेठ," दगडूतात्या म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं.

नंदूशेठने इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, थांबा, गाडी मी मागं घेऊन देतो. मी म्हटलं, मी घेते, चावी माझ्याकडेच आहे. मी गाडी मागे नेली. उतरले, मागच्या बाजूला गेले, मागच्या कॅमेऱ्याची काच पुसली. जावयाचं डोकं परत बसवलं, त्याला जागेवर उभं केलं. नंदूशेठ त्याच्या एक पाऊल पुढे उभा राहिला. मागे माझ्या भावाचा शर्ट आणि पुढे तो. मी खिडकीची काच खाली केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की मी ब्रेकवर पाय ठेवणार नाही, गाडी काय करते ते बघू.

मी गाडी सोडली.

काचेतून मला त्याचा चेहरा नीट दिसत होता. आधी तो हसत होता. मग हसणं तसंच राहिलं आणि डोळे बदलले. तो हिशेब करत होता, रिकामी गाडी किती, निम्मा ब्रेक किती. सुहासला हा हिशेब करायला वेळच मिळाला नव्हता. मला वाटलं, कर, नीट कर, एकेक फूट मोज. माझे दोन्ही पाय गाडीच्या तळाला टेकलेले होते. मला त्या घटकेला जेवढं बरं वाटलं तेवढं गेल्या वर्षभरात कधीच वाटलं नव्हतं, आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही.

तात्या उभा असताना गाडी जिथे नुसती पुढे येत होती, तिथेच नंदूशेठ पळाला. ब्रेक लागायची वेळसुद्धा झाली नव्हती. फेटा सुटला, तो बांबूच्या कुंपणावर आदळला आणि पलीकडे मातीत पडला.

गाडीने कचकन ब्रेक मारला. माझं कपाळ स्टिअरिंगपर्यंत गेलं. जावई जागेवर उभा होता आणि गाडीचं नाक त्याच्यापासून हातभर अलीकडे थांबलं होतं. शर्टाची बाहीसुद्धा हलली नाही.

मी खाली उतरले. माझ्या कोटाच्या खिशातून डबी काढली आणि हात वर केला, त्याने भंडारा धरून केला होता तसाच. दोरा लोंबत होता, माझी बोटं कुंकवाने लाल झाली होती.

"तुमचा खोटा बैल माझ्या खिशात होता, नंदूशेठ. काच पुसायला गेले तेव्हा काढला. गाडी स्वच्छ होती," मी म्हटलं. "मग पळालात कशाला?"

तो मातीत बसून राहिला. डबी माझी नाही, असं तो म्हणू शकला असता. पण आता त्याचा उपयोग नव्हता. मागे काही आहे हे ज्याला माहीत असतं तोच तेवढ्या लांबून पळतो, हे मैदानावरच्या प्रत्येक बैलवाल्याला कळलं होतं. दगडूतात्याने त्याच्याकडे बघितलं, मग खाली थुंकला आणि पाठ फिरवली.

आई मांडवातून चालत आली. मला वाटलं माझ्याकडे येईल. ती नंदूशेठपाशी थांबली. "मी तुमाला हात जोडलं हुतं," एवढंच म्हणाली. मग जावयाजवळ गेली. धडकेत शर्टाचं वरचं बटण निघालं होतं, ते तिने लावलं, कॉलर सरळ केली आणि तिथेच उभी राहून रडायला लागली. सुहास, सुहास असं नाव घेऊन, मोठ्याने, वर्षभराचं साठलेलं.

पाखऱ्या त्या दिवशी पळाला नाही. कमिटीने नंदूशेठला मैदान बंद केलं, पोलिसांनी प्रकरण पुन्हा उघडलं, टपरीवरच्या लोकांना अचानक मोबाईलचं आठवलं. गावात त्याच्या घरचा भंडारा कुणी कपाळाला लावून घेईना. दाढी करायला तो शेजारच्या गावाला जातो म्हणतात.

मध्यंतरी तो माझ्या केंद्रावर आला. आता पाखऱ्या विकायचा होता, पण दाखला नसलेल्या गाडीतून बैल पोचवता येईना, आणि आसपास दाखला देणारी मी एकटीच. अंगाने निम्मा झाला होता. सॉकेट मी स्वतः वाकून पाहिलं, रिकामं होतं. मी त्याला म्हटलं, जावयाला उचलून समोर उभं करा. जावई पुन्हा आपल्या नेहमीच्या कपड्यांत होता, तरी नंदूशेठने हात लावायला वेळ घेतला. मग त्याला काखेत धरून नेलं आणि उभं केलं. गाडी व्यवस्थित थांबली. मी दाखला लिहायला बसले, तो खिडकीशी घुटमळत राहिला.

"ताई, एक इचारू? म्या हाललो नसतो तर?"

मी दाखल्यावर शिक्का मारला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"तर गाडी थांबली असती. आणि सगळ्यांसमोर मला तुमच्यापुढे हात जोडावे लागले असते, आईने जोडले तसे. नुसतं उभं राहायचं होतं, नंदूशेठ."

त्याने कागद घडी करून खिशात घातला. मग गाडीकडे निघाला. तो दारापर्यंत गेल्यावर मी त्याला हाक मारून आठवण केली, की दाखला वर्षाचाच असतो, पुढच्या वर्षी परत यावं लागेल, आणि जावयाला तुम्हीच उभं करायचं.